पासवर्ड विसरलात?

सप्टेंबर 2008. अमेरिकेतली अध्यक्षीय निवडणूक ऐन रंगात आली असताना रिपब्लिकन पक्षाच्या उपाध्यक्षपदाच्या उमेदवार सारा पेलिन यांच्या खासगी याहू खात्यातला पत्रव्यवहार चव्हाट्यावर आला. हा उद्योग होता टेनेसीतल्या वीस वर्षांच्या एका कॉलेजविद्यार्थ्याचा. याहूच्या यंत्रणेला त्याने धक्काही लावला नव्हता आणि पेलिनबाईंचा पासवर्ड ओळखण्याच्या भानगडीतही तो पडला नव्हता. त्याने ‘पासवर्ड विसरलात?’ या ओळीवर क्लिक केलं. याहूने विचारलं: जन्मतारीख काय, पिनकोड काय, नवऱ्याची नि तुमची पहिली भेट कुठे झाली? पेलिन अलास्काच्या गव्हर्नर होत्या, त्यांचा जीवनपट सगळीकडे छापून आला होता. विकिपीडिया आणि गूगल चाळण्यात आपला पाऊण तास गेला, असं त्या मुलानेच नंतर लिहून ठेवलं. भेट शाळेत झाली होती, शाळा वासिला हायस्कूल. याहूचं समाधान झालं. त्याने नवा पासवर्ड ठेवला, ‘पॉपकॉर्न’. पुढे 2010 साली त्याला एक वर्ष एक दिवसाची शिक्षा झाली, ती योग्यच. पण असल्या तीन प्रश्नांवर एखाद्याचं टपाल परक्याच्या हाती देणारी व्यवस्था कोणी आखली, हा प्रश्न त्या न्यायालयासमोर नव्हता.

आपल्याकडेही याच जातीचा एक प्रश्न फॉर्मांवर वर्षानुवर्षं छापला जातोय: आईचं माहेरचं आडनाव. ज्या समाजात ही गोष्ट सहसा कोणी विचारत नाही तिथे तिचा गुपित म्हणून थोडाफार उपयोग असेल. आपल्याकडे ओळख झाल्यावर तिसऱ्या वाक्याला मामाचं गाव निघतं. लग्नाचा बायोडाटा आठवून पाहा. जन्मतारीख, जन्मवेळ, जन्मस्थळ, शिक्षण, नोकरी, मामेकुळ, भावंडं, घरचा पत्ता आणि खाली वडिलांचा मोबाइल नंबर. हा कागद पीडीएफ होऊन वधूवर मंडळांच्या व्हॉट्सअॅप गटांतून फिरतो आणि लग्न जमलं तरी फिरायचा थांबत नाही. आपली ओळख पटवण्यासाठी संस्था जे विचारतात, ते आपण सोयरीक जमावी म्हणून स्वतःच वाटत असतो. यात आपलं चुकतं असं मला वाटत नाही. समाज असाच चालतो. चुकतं ते समाजाला ठाऊक असलेल्या गोष्टीला कुलूप समजणाऱ्यांचं.

ऑनलाइन खात्याला नेहमी दोन दारं असतात. पुढच्या दाराला पासवर्ड असतो. मागचं दार म्हणजे पासवर्ड विसरलेल्या, फोन हरवलेल्या माणसाला परत आत घेण्याची वाट. आपल्याला जे काही ‘सायबर जागरूकता’ म्हणून शिकवलं जातं ते जवळजवळ सगळं पुढच्या दाराबद्दल असतं. मागच्या दाराची आखणी मात्र ईमेल कंपनी, बँक, मोबाइल कंपनी आणि सरकारी खाती परस्पर करून टाकतात. त्या दाराने चोर शिरला की सगळी बोटं पुन्हा खातेदाराकडे वळतात: तुम्ही सावध का नव्हता? माझा आक्षेप या प्रश्नाला आहे.

पुढच्या दाराची तरी गोष्ट काय आहे? बेल लॅब्जमधल्या रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी 1979 साली लोकांचे 3,289 पासवर्ड तपासले होते. त्यांतले 86 टक्के फार आखूड, फार सोपे किंवा शब्दकोशात सापडणारे निघाले. माणूस पासवर्ड निवडण्यात कच्चा आहे हे तेव्हापासून माहीत आहे. त्यावर तोडगा म्हणून अमेरिकेच्या मानक संस्थेत काम करणाऱ्या बिल बर यांनी 2003 साली एक टिपण लिहिलं आणि त्यातून जगभर तो परिचित जाच सुरू झाला: एक मोठं अक्षर हवं, एक आकडा हवा, एक चिन्ह हवं, आणि ठरावीक दिवसांनी बदललाच पाहिजे. लोकांनी काय केलं ते आपण जाणतोच. गावाचं किंवा मुलीचं नाव, मग @, मग 123. बदलायची वेळ आली की 124. पासवर्ड फोडणारे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना ही सवय तोंडपाठ आहे. त्याच संस्थेने 2017 साली हे नियम मागे घेतले. लांबी महत्त्वाची, चिन्हांची सक्ती नको, उगाच बदलायला लावू नका, चोरीला गेलेल्या पासवर्डांच्या यादीत असेल तेवढा नाकारा, असं नवं धोरण आलं. बर तेव्हा निवृत्त झाले होते. आपण जे लिहिलं त्यातल्या बऱ्याच भागाचा आता पश्चात्ताप होतो, असं त्यांनी वॉल स्ट्रीट जर्नलला सांगितलं. आपल्याकडच्या कितीतरी संकेतस्थळांपर्यंत हा पश्चात्ताप अजून पोचलेला नाही.

पासवर्डच्या बाबतीत खरा घात एकाच गोष्टीने होतो, तोच पासवर्ड दहा ठिकाणी वापरल्याने. लिंक्डइनमधून 2012 साली पासवर्ड चोरीला गेले. आधी 65 लाखांचा आकडा कळला, चार वर्षांनी 11 कोटींहून अधिक खात्यांचा माल बाजारात आला. त्यानंतर लगेच मार्क झुकरबर्ग यांची ट्विटर आणि पिंटरेस्टवरची खाती कोणीतरी ताब्यात घेतली. बातम्यांनुसार त्यांनी सगळीकडे ‘दादादा’ हाच पासवर्ड ठेवला होता. फेसबुकच्या मालकाला जे जमलं नाही ते जुन्नरच्या निवृत्त शिक्षकाला जमेल ही अपेक्षा बाळगण्यात अर्थ नाही. शंभर वेगळे पासवर्ड लक्षात राहत नाहीत, ते कुठेतरी लिहावेच लागतात. पासवर्ड सांभाळणारं अॅप वापरता येत असेल तर उत्तम. नसेल तर वही. हो, कागदाची वही. पासवर्ड कधीही लिहून ठेवू नका हा सल्ला कचेरीतल्या टेबलासाठी ठीक होता. घरच्या कपाटातली वही परदेशात बसलेल्या चोराला वाचता येत नाही. ब्रूस श्नायर यांच्यासारखा नामांकित सुरक्षातज्ज्ञ 2005 पासून सांगत आला आहे की कठीण पासवर्ड ठेवा, चिठ्ठीवर लिहा आणि पाकिटात जपा. अर्थात धोका घरातल्याच माणसाकडून असेल, आणि कित्येक बायकांच्या बाबतीत तो असतो, तर वही कामाची नाही.

आता मागच्या दाराकडे. ऑगस्ट 2012मध्ये ‘वायर्ड’ मासिकाचा पत्रकार मॅट होनान याचं जे झालं ते या विषयातलं मला सगळ्यात बोलकं उदाहरण वाटतं. एका संध्याकाळी त्याचा फोन, टॅबलेट आणि लॅपटॉप, तिन्ही दुरून कोरे करण्यात आले. गूगल खातं पुसलं गेलं, ट्विटरवरून त्याच्या नावाने घाण लिहिली गेली. मुलीच्या जन्मापासूनचे फोटो त्या लॅपटॉपवर होते आणि त्यांची दुसरी प्रत कुठे नव्हती. एकही पासवर्ड फोडलेला नव्हता. चोरांनी काय केलं ते एकानेच नंतर होनानला सांगितलं. आधी गूगलच्या ‘पासवर्ड विसरलात?’ पानावर जाऊन त्याचा पर्यायी पत्ता अॅपलचा आहे हे अर्धवट झाकलेल्या अक्षरांवरून ओळखलं. अॅपलची फोनसेवा ओळख पटवायला दोन गोष्टी मागत असे: घरचा पत्ता आणि क्रेडिट कार्डाचे शेवटचे चार आकडे. पत्ता इंटरनेटवर मिळाला. चार आकड्यांसाठी त्यांनी अॅमेझॉनला फोन केला आणि होनानच्या खात्यात एक नवं कार्ड जोडून घेतलं. त्याला नाव, ईमेल आणि पत्ता पुरत होता. फोन ठेवला, पुन्हा केला. खात्यात शिरता येत नाही, म्हणाले. ओळख म्हणून मघाशी जोडलेल्याच कार्डाचा नंबर दिला आणि नवा ईमेल जोडून घेतला. त्या ईमेलवर पासवर्ड मागवला, आत गेले आणि होनानच्या खऱ्या कार्डाचे शेवटचे चार आकडे वाचले. अॅमेझॉनला हे आकडे इतके किरकोळ वाटत होते की ते पडद्यावर उघडे दाखवले जात. अॅपलला तेच आकडे इतके मोलाचे वाटत होते की त्यांच्यावर माणसाची ओळख ठरत असे.

एवढा खटाटोप कशासाठी? ट्विटरवरचं त्याचं तीन अक्षरी नाव त्यांना आवडलं होतं.

होनानचं काही चुकलं नव्हतं असं नाही. गूगलवर दोन टप्प्यांची पडताळणी त्याने चालू केली नव्हती, फोटोंची प्रत ठेवली नव्हती, आणि ते त्याने कबूलही केलं. पण दोन बलाढ्य कंपन्यांची ओळख पटवण्याची रीत एकमेकींशी जोडली तर त्यातून भगदाड पडतं, हे त्याने सावध राहून कसं ओळखावं? ते भगदाड बुजवणं त्या कंपन्यांनाच शक्य होतं. प्रकरण गाजल्यावर दोघींनीही आपल्या फोनवरच्या रीती बदलल्या.

भारतात हे मागचं दार मोबाइल नंबरात आहे. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2009पासून कार्डाने ऑनलाइन पैसे देताना आणखी एक पडताळणी सक्तीची केली. जगातल्या बऱ्याच देशांच्या आधी केली, आणि ते धोरण शहाणपणाचं होतं. त्यातून ओटीपी घराघरांत आला. ओटीपी अगदीच कुचकामी आहे असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. गूगलने 2019 साली दिलेल्या आकड्यांनुसार, एसएमएसवरच्या संकेतांकाने यंत्राकरवी होणारे सगळे हल्ले अडले, घाऊक फसवणुकीचे 96 टक्के अडले, आणि एखाद्यावर नेम धरून केलेल्यांपैकी 76 टक्के अडले. हे थोडं नाही. पण आपल्याकडे ओटीपी नुसता दुसरं कुलूप राहिला नाही. बँकेचा पासवर्ड, ईमेल, आधार, सगळ्यांचं मागचं दार त्याच एका सिमकार्डावर उघडतं, आणि व्हॉट्सअॅपला तर पुढचं दारही तेच. तिथे मुळात पासवर्डच नाही. नंबरावर आलेले सहा आकडे सांगेल तो मालक. म्हणून ‘चुकून तुमच्या नंबरवर माझा कोड आलाय, जरा पाठवता का’ असा मावसबहिणीच्या नावाने निरोप येतो. तो निरोप बहिणीच्याच खात्यावरून आलेला असतो, कारण ते खातं तासाभरापूर्वी असंच गेलेलं असतं.

यावर उत्तर ठरलेलं आहे: ओटीपी कोणालाही सांगू नका. बँका सांगतात, पोलीस सांगतात, फोनची रिंग वाजण्याआधीचा ध्वनिमुद्रित आवाजही काही काळ सांगत होता. आणि मग दिवस सुरू होतो. गॅस सिलिंडर घेऊन आलेला माणूस कोड मागतो. कुरिअरवाला मागतो. रिक्षा अॅपवरून बोलावली तर चालक मागतो. सिमकार्डाच्या दुकानात, दवाखान्याच्या नोंदणीखिडकीवर, महा ई-सेवा केंद्रात तोच शब्द. ‘लाडकी बहीण’ योजनेची ई-केवायसी 2025 साली सुरू झाली तेव्हा लाभार्थी बाईच्या आधारचा ओटीपी तर हवाच होता, शिवाय नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारचाही हवा होता. नवरा पुण्यात बांधकामावर, बाई गावी केंद्रावर रांगेत. तिने फोन लावायचा, त्याने आकडे वाचून दाखवायचे, तिने ते केंद्रचालकाला सांगायचे. हे सरकारमान्य काम होतं. आता त्याच बाईला दुपारी कोणी ‘योजनेतून बोलतोय, आकडे सांगा’ म्हणाला तर तिने कशावरून ओळखावं की सकाळचं सांगणं नागरिकाचं कर्तव्य होतं आणि दुपारचं सांगणं निष्काळजीपणा? भोळसटपणाचा आरोप करण्याआधी आपण लोकांना रोज कशाची सवय लावतो ते पाहिलं पाहिजे.

वैयक्तिक खातं ही कल्पनाही आपल्या घरांत नीट बसत नाही. आजोबांच्या पेन्शन खात्याला नातवाचा नंबर जोडलेला असतो. शेतकऱ्याचा ईमेल केंद्रचालकाने कधीतरी अर्ज भरण्यासाठी काढून दिलेला असतो, त्याचा पासवर्ड शेतकऱ्याला कधी कळलेलाच नसतो, आणि पर्यायी नंबर केंद्रचालकाचा. रिचार्ज परवडत नाही म्हणून एक सिम बंद पडतं. बंद झालेला नंबर 90 दिवसांनंतर दुसऱ्याला देता येतो. हा विषय 2023 साली सर्वोच्च न्यायालयातही गेला होता. तेव्हा न्यायालयाने म्हटलं की नंबर सोडताना आपली माहिती पुसून घेण्याची काळजी ग्राहकाने घ्यावी. कायद्याच्या चौकटीत ते बरोबर असेल. पण ज्याचा नंबर पैसे नसल्याने बंद पडला, त्याने कोणत्या खात्यांना तो जोडला होता याची यादी करून, प्रत्येक ठिकाणी जुन्याच नंबरावर ओटीपी मागवून तो बदलायचा, हे कसं घडणार?

जबाबदारी कुठे ढकलली जाते हे पाहायचं तर रिझर्व्ह बँकेचं जुलै 2017चं परिपत्रक वाचावं. ते ग्राहकाच्या बाजूचंच आहे, हे आधी सांगतो. दोष बँकेचा असेल तर ग्राहकाला काही भुर्दंड नाही; दोष बँकेचाही नाही, ग्राहकाचाही नाही, तिसरीकडचा आहे, आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तरीही नाही. चूक ग्राहकाची हे सिद्ध करायचं ओझंसुद्धा बँकेवर टाकलं आहे. अडतं एका कलमावर: ग्राहकाने निष्काळजीपणे आपली गुपितं दुसऱ्याला दिली असतील तर तक्रार करेपर्यंतचं सगळं नुकसान त्याचं. आता फसवून काढून घेतलेला ओटीपी हा दिलेला की चोरलेला? माझ्या मते चोरलेला. बँकांचं सोयीचं उत्तर निराळं असतं, आणि सामान्य माणूस लाजेपोटी तेच मान्य करून घरी जातो.

ही लाजच मुळात अनाठायी आहे. चोरीला गेलेल्या खात्यांची जगातली सगळ्यात प्रसिद्ध नोंदवही चालवणारा ऑस्ट्रेलियन तज्ज्ञ ट्रॉय हंट मार्च 2025मध्ये स्वतः एका बनावट ईमेलला फसला. विमानप्रवासाने थकलेला होता; पासवर्ड दिला, सोबतचा संकेतांकही दिला आणि त्याच्या वाचकांची यादी मिनिटाभरात पळवली गेली. त्याने ते लगेच जाहीरपणे लिहिलं. सावधपणा झोप, ताप, घाई, मुलाची परीक्षा यांच्यासोबत कमीजास्त होत राहतो, म्हणून त्याच्यावर भिंत बांधता येत नाही. मायक्रोसॉफ्टचे संशोधक कॉर्मॅक हर्ली यांनी तर 2009 सालीच असं मांडलं की लोक सुरक्षेचे सल्ले धुडकावतात ते मूर्खपणाने नव्हे. सगळे सल्ले पाळण्यात जाणारा वेळ टळणाऱ्या नुकसानापेक्षा महाग पडतो. गूगलने आपल्या 85 हजारांवर कर्मचाऱ्यांना 2017च्या सुमारास खिशात बाळगायच्या सुरक्षा-किल्ल्या दिल्या. त्यानंतर बनावट ईमेलपायी एकाही कर्मचाऱ्याचं कामाचं खातं गेल्याची नोंद नाही, असं कंपनीने 2018 साली सांगितलं. खोट्या संकेतस्थळावर ती किल्ली चालतच नाही, मग कर्मचारी थकलेला असो की ताजातवाना.

मग आपण काहीच करू नये का? करावं, पण मोजकं. बाकी सगळ्या खात्यांच्या पासवर्डांची वाट ज्या ईमेलवरून जाते तो एक ईमेल नीट बंदोबस्तात ठेवावा: पासवर्ड कुठेही न वापरलेला, दुसरा टप्पा एसएमएसऐवजी अॅपवरचा. त्याच्या सेटिंग्जमध्ये जाऊन पर्यायी नंबर आणि पर्यायी ईमेल कोणाचे आहेत ते बघावं. तिथे बंद पडलेलं सिम किंवा जुन्या ऑफिसचा पत्ता सापडण्याची शक्यता दाट आहे. अडीअडचणीचे कोड मिळतात ते छापून घराच्या कागदपत्रांत ठेवावेत. व्हॉट्सअॅपला सहा आकडी पिन लावावा, एक मिनिटाचं काम आहे. चालू फोनची रेंज एकाएकी गेली आणि शेजारच्याची आहे, तर सिम दुसऱ्या कोणी काढून घेतलं असेल अशी शंका घ्यावी. पैसे गेलेच तर त्याच क्षणी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करावा. एवढ्यावर थांबायला हरकत नाही. रोज येणाऱ्या वीस सूचनांच्या सुविचारवजा चित्रांनी या सहा गोष्टी झाकल्या जातात, हे त्या चित्रांमुळे होणारं मोठं नुकसान.

संस्थांकडून काय मागायचं हेही तितकंच ठोस आहे. सिम बदलल्यावर पहिले 24 तास त्यावर एसएमएस येऊ नयेत असा आदेश दूरसंचार खात्याने काढला. सिम बदलून लगेच कंपनी बदलायलाही जुलै 2024पासून सात दिवसांची आडकाठी आहे. *401* ने सुरू होणारा कोड डायल करायला लावून कॉल वळवायचे आणि त्यावर संकेतांक ऐकायचे, ही युक्ती फोफावल्यावर एप्रिल 2024पासून ती सोयच थांबवायला सांगितलं. या तिन्ही उपायांत खातेदाराने काहीही शिकायचं, लक्षात ठेवायचं नव्हतं. सावध राहा म्हणणाऱ्या हजार जाहिरातींपेक्षा मला हे मोलाचं वाटतं. अशाच धर्तीवर बँकांनी नवा फोन जोडल्यावर मोठी रक्कम काही काळ अडवून धरावी, आणि सरकारी योजनांनी नागरिकाला आकडे तोंडाने सांगायला लावणं बंद करावं.

आता पासकी आली आहे. अॅपल, गूगल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मे 2022मध्ये एकत्र येऊन ती पुढे रेटायचं ठरवलं. किल्ली फोनमध्ये राहते, बोट लावलं की खातं उघडतं, खोट्या संकेतस्थळाला देता येईल असं माणसाच्या हातात काही उरतच नाही. पुढचं दार एकदाचं चांगलं झालं म्हणायचं. पण फोन एसटीत विसरला तर? मग पुन्हा तेच पान, तोच दुवा आणि बहुधा तोच एसएमएस. काही ठिकाणी हा मार्ग इतका ढिला असतो की कोणीही यावं, काही ठिकाणी इतका घट्ट की मालकालाच आत जाता येत नाही.

घट्टपणाचाही चटका बसतोच. नवरा अचानक गेला की बायकोला विम्याची पावती, मुलांचे फोटो, गृहकर्जाचा पत्रव्यवहार हवा असतो आणि ते सगळं त्याच्या ईमेलमध्ये असतं. बँक खात्याला नॉमिनी नेमायची रीत आपल्याकडे जुनी आहे. नोव्हेंबर 2025पासून एका खात्याला चार नावं देता येतात. गूगलनेही 2013पासून खातं अमुक महिने निष्क्रिय राहिलं तर कोणाला काय द्यायचं हे आधी लिहून ठेवायची सोय दिली आहे; आपल्या मृत्यूनंतर खातं कोणी उघडायचं ते ठरवून ठेवायची सोय अॅपलने 2021पासून. बँकेचा कारकून नॉमिनीचा रकाना रिकामा असला की विचारतो. ईमेल काढताना हा रकाना कोणी समोर ठेवतच नाही. इकडे 2023च्या डिसेंबरपासून दोन वर्षं न उघडलेली खाती गूगल पुसून टाकू लागलं आहे. त्या बाईकडे तेवढाच अवधी आहे, आणि नवऱ्याचा नंबर चालू ठेवायचा तर दर महिन्याचं रिचार्ज तिलाच करायचं आहे.